लांबचा बोया

धारूर, ३ जानेवारी २०१९
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सध्या घरूनच काम. गावात प्यायला पाणी नाही, आणि मी समुद्रात बोये कुठं नांगरायचे ते ठरवतेय! बाबांना सांगितलं — पिवळी तरंगती यंत्रं असतात, लाटा-वारा मोजतात, त्यावरून किनाऱ्याला वादळाची वर्दी देता येते. "आन् हितली वर्दी कोण देणार?" म्हणाले.

५ जानेवारी
दूध सोसायटीची बैठक आमच्याच ओट्यावर. पाण्याचा टँकर ज्याला त्याला आपल्याच दारात हवा. बाबा चेअरमन. सगळ्यांचा वाईटपणा घेऊन त्यांनी तो लांबच्या वस्तीवर उभा केला.

माझ्या ऑफिसात तरी वेगळं काय चाललंय? साहेबांना सगळे बोये बंदराजवळ हवेत, दुरुस्तीला सोपे. पण मॉडेलमधून बंदराजवळचा एक काढून बघितला, वादळाचा अंदाज फारसा बिघडला नाही. दक्षिणेकडचा, लांबचा काढला तर पार कोलमडला.

आणि तिकडंच सुग्रीवची बोट जाते. दरसाल ऊसतोडीला जाणारा माझा धाकटा भाऊ यंदा कोकणात खलाशी झालाय. पोहता येत नाही त्याला! हे साहेबांना सांगितलं नाही.

९ जानेवारी
भांडले. जिंकले! साहेब एवढंच म्हणाले, हा बंद पडला तर पुन्हा लांबचं नाव काढायचं नाही.

२२ फेब्रुवारी
लांबच्या बोयाचे आकडे यायला लागले. आईनं विचारलं, सुग्रीवच्या तिकडचं हाय का? स्क्रीनवरून हात फिरवला तिनं.

१५ मार्च
बोया मुका झाला. साहेब म्हणतात, बास आता, बंदराजवळ आणा. बोयाखाली मासळी जमते, म्हणून बोटवाले त्याला दोर बांधतात आणि ओढाताणीत आकडे पाठवणारा खांब मोडतो. कुठल्या मेल्यानं बांधला कुणास ठाऊक. जेवण गेलं नाही.

१९ मार्च
दुरुस्तीच्या बोटीवरून फोटो आला. मोडका खांब, दोर अजून तसाच. कोकणातले खलाशी झटक्यात सुटेल अशी गाठ मारतात. ही तशी नाही — पीळ देऊन टोक आत खोचलंय, उसाची मोळी बांधतात तसं. बाबांनी मागून पाहिलं. "ही तर आपल्याकडची गाठ," म्हणाले.

एवढा राग मला सुग्रीवचा कधीच आला नव्हता.

२० मार्च
शिव्या द्यायलाच फोन लावला. त्यानं आधी मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही म्हणून. मग म्हणाला, "इंजिन बंद पडलं, ताई. लाटा लई उसळल्या, बोट खडकाकडं चाललेली. तेवढ्यात पिवळा खांब दिसला, त्यालाच दोर बांधला, म्हणून वाचलो. कुणी ठिवला आसंल गं त्यो तिथं?"