दाताच्या दवाखान्याची चढणारी अक्षरं

काका, नमस्कार शेवटी करतो, आधी भांडण. चारचौघांत तुम्ही मला पाणसळीतला बुडबुडा म्हणालात, हा मध्ये कधी थांबायचाच नाही म्हणून. बरं, म्हणालात. पण फोनवर परत म्हणायची काय गरज होती? चार कामं सोडली हे खरं, पण त्यातल्या एका कामानं मला सोडलं, ते माझ्या खात्यात का धरता?

तुमचा खोकला कसा आहे? काकूचा गुडघा? मी ठीक आहे. बोटांना गोंद चिकटलाय, तेव्हा अक्षर वाईट आलं तर शाळेला बोल लावू नका. (तिची माझी गाठ फारशी पडलीच नाही.)

तर हे पाचवं काम. दुकानांच्या भिंतींवर धातूची जाड अक्षरं बसवायची. अक्षरांच्या पाठीला सळ्या असतात. भिंतीवर कागद चिकटवायचा, त्यावरच्या खुणांवर भोकं पाडायची, गोंद भरायचा, सळ्या आत. ज्याच्या हाताखाली शिकतोय त्या उस्तादनं परवा मला पहिल्यांदाच एकट्याला सोडलं. दाताचा दवाखाना, भिंत ओबडधोबड दगडाची. म्हणाला, नीट झालं तर कायम करतो, नाहीतर घरची गाडी पकड. आणि रांग आडवी सपाट आहे का ते दाखवणारी पाणसळ घेऊन स्वतः दुसऱ्या कामावर गेला.

ती भिंत तुम्ही गवंडी म्हणून बघायला हवी होती. एक दगड पोट काढून उभा, शेजारचा रुसून आत बसलेला. मी कागद प्रत्येक खळग्यात दाबून दाबून बसवला, बाळाचं पांघरूण खोचावं तसा. खळग्यात शिरून कागद आखूड झाला, भोकं एकमेकांच्या फार जवळ पडली आणि सळ्या काही शिरेनात. मग पकडीनं वाकवून शिरवल्या (तुम्ही हे वाचलं नाही असं समजा) आणि प्रत्येक अक्षर दगडाला टेकेपर्यंत ढकललं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले, मागोमाग तोंडात कापूस धरलेला पेशंट. डॉक्टरांनी एकेक अक्षर तपासलं. मग सवयीनं म्हणाले, हा पुढे आलाय, हा आत गेलाय, याला तर जागाच नाही. कधीपासून आहे असं? मी म्हटलं, सकाळपासून. पेशंटनंही मत दिलं, पण कापसामुळं कळलं नाही. सूर चांगला नव्हता.

डॉक्टरांनी आतून दात साफ करायचा दोरा आणला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला. म्हणाले, हिरडी सोड, दात एकमेकांशी सरळ पाहिजेत. काका, तिथं माझं डोकं उघडलं. गोंद ओला होता तोवर अक्षरं उपटली, भोकं नव्यानं पाडली (जुनी अक्षरांमागं लपली), नळीचे तुकडे कापून सळ्यांवर चढवले. पोटाळ दगडावर आखूड, खळग्यात लांब. सगळ्यांची तोंडं दोऱ्याला लागली. डॉक्टर खूश. पेशंटची भूल तोवर उतरली होती, त्याला परत टोचावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आला, त्यानं पाणसळ लावली आणि बुडबुडा धावत जाऊन कोपऱ्यात लपला. मी दोन्ही टोकांची उंची फुटपाथपासून मोजली होती, बरोब्बर सारखी. रस्ता चढाचा आहे हे मला कोण सांगणार? डॉक्टरांच्याही ध्यानात आलं नाही, त्यांचा जन्म माणसं मागं कलवून बघण्यात गेला. उस्ताद म्हणाला, रांग झकास आहे, पण ती चाललीय कुठं? उद्घाटनाला पंधरवडा आहे, तोवर परत बसव, नाहीतर ती गाडी आहेच. आणि स्वतःची पाणसळ आण, माझी एका वेळी दोन भिंतींवर जात नाही.

सध्या अक्षरांवर चादर टाकलीय. आता नमस्कार. काकूलाही.

ता. क. तुमची पाणसळ तुम्ही निवृत्त झाल्यापासून खिडकीच्या फटीत खोचलेली आहे, वाऱ्यानं खडखड होऊ नये म्हणून. ती पाठवा. फटीसाठी लाकडी पाचर करून सोबत धाडतोय. मापात आहे. (अंदाजानं.)

आणखी एक ता. क. बुडबुडा मध्ये थांबत नाही हे मान्य. पण त्याच्या खाली जागा कशी दिली होती, तेही कुणीतरी बघायचं. टपालाचे पैसे पाठवतोय, फक्त येण्याचे. परतीचे धरलेले नाहीत, पाणसळीचेही नाहीत आणि माझेही नाहीत. एकशे ऐंशी रुपये.