उशीचा अभ्रा

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे ठीक म्हणायचं. दुकान उघडतो, घड्याळं दुरुस्तीला घेतो, पण बारीक स्क्रू हातातून निसटतात. ठकी सारखी खाजवते. कोपरांच्या नि गुडघ्यांच्या घडीत कातडी लाल होऊन सोललीय. डॉक्टर म्हणाले, एक्झिमा आहे, संसर्गाचा नाही. घरात कुणाला असंच, किंवा दमा, सततच्या शिंका आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे कुणालाच नाही. तिच्या आईकडचं कुणाला विचारू? सांगणारी तीच होती.

धुळीने खाज वाढत असेल, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा म्हणाले. सगळं धुतलं. तिच्या आईच्या उशीचा अभ्रा तेवढा राहिलाय. ती गेल्यापासून त्याला पाणी लावलेलं नाही. ठकी त्यावर गाल ठेवल्याशिवाय झोपत नाही.

काही आठवलं तर कळव. मला काही सुचत नाही.

तुझा भाऊ

१६ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

कुणालाच नाही, असं तोंड वर करून सांगून आलास? अरे, तूच की! आई तुझ्या हातांना मोजे बांधायची, तर पठ्ठ्या वासरासारखा दाराच्या चौकटीला अंग घासायचा. शाळेत जायला लागलास तसं ओसरलं, म्हणून विसरलास. बाबांचा दमा विसरलास? आणि माझ्या शिंका? कपाट झाडायला घेतलं की हे म्हणतात, हिच्या शिंकांवर पिठाची गिरणी चालेल.

तेव्हा हा वारसा आपल्याच घरचा. डॉक्टरांना खरं सांगून ये.

आणि अभ्रा धू. पोरीची कातडी सोलून निघतेय नि तू वास जपत बसलास? तिची आई असती तर तिनेच आधी धुतला असता. राग धरू नकोस, लोभ तेवढा धर.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, मुलं मोठी होऊन बाप झाली की असंच विसरतात. मलम दिलंय. बरंच कमी होईल, पण अधूनमधून उठेल. श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणाले. तेव्हापासून ठकीच्या छातीला कान लावतो, घड्याळाला लावावा तसा. ती वैतागते, मला ढकलते.

अभ्रा बादलीपर्यंत नेला नि परत आणला, असं बरेचदा झालं. काल सकाळी धुतला. वाळेपर्यंत दुकानात जीव लागेना. मधेच कुलूप लावून घरी आलो.

दुपारी तो उशीला घालून ठकीला निजवलं. आता रडणार, म्हणून शेजारी बसून राहिलो. तिने गाल टेकला आणि झोपली. तिला काही फरकच पडला नाही, ताई.

मग मी बाहेर जाऊन बसलो.

जमलं तर थोडे दिवस ये. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तुझा भाऊ