मागचं पत्र रद्द समजावे

ती. दाजी,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (खरं तर सहा अंगांचाच, दोन्ही गुडघे व्हॅनच्या क्लचने आणि ब्रेकने आपसांत वाटून घेतलेत). ताईलाही नमस्कार सांगा, पण हे पत्र तिला आधी वाचू देऊ नका. गळ्याची जखम आता कशी आहे? जेवण नीट उतरतं का, की अजून सगळं पातळच? ताई प्रत्येक घासाला तुमच्या तोंडाकडे टक लावून बसते का? बसत असेल तर मनावर घेऊ नका. लहानपणी ती माझ्याही घासांकडे अशीच बघायची, पण ते माझ्या ताटातलं काही उरेल का हे पाहायला. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. आजारी आहे ते फक्त व्हॅनचं मागचं दार. आतून उघडत नाही आणि बाहेरून बंद होत नाही, त्यामुळे शाळेची चौदा पोरं पुढच्या दाराने आत-बाहेर करतात आणि जाता-येता माझा चष्मा पाडतात.

सात आठवडे झाले, तुमचं कार्ड नाही. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टीव्हीवर मुलांच्या आगगाड्यांच्या मालिकेचा नवा भाग लागायचा, त्यात म्हाताऱ्या मालगाडीच्या इंजिनाचा, आपल्या धापोबाचा, आवाज तुम्ही काढायचात, दुसऱ्या दिवशी मी त्या भागातल्या चुकांचं पत्र टाकायचो आणि चारपाच दिवसांत तुमचं कार्ड हजर. "चुका पोचल्या. पैकी दोन मान्य. बाकीच्या तुमच्या कानातल्या." (हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही, पण गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगायची आमच्या घराण्याची खोड आहे. ताईशी संसार केलात, तुम्हाला माहीत आहेच.) मालिकेबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही, हा तुमचाच नियम. फोनवर माणूस भिडेखातर गोड बोलतो, खरं बोलतो ते कागदावर, असं तुमचं म्हणणं. त्यामुळे रविवारी सकाळच्या फोनवर आपलं दुसरंच चालायचं. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय मेहुणे, वाफ आहे का?" माझं उत्तरही ठरलेलं: "आहे दाजी, थोडी आहे." मग पाऊणएक तास गुडघे, व्हॅन आणि ताईचा स्वभाव. हा प्रश्न तुम्ही धापोबाच्या आवाजात एकदाही विचारला नाहीत. तो तुमच्या स्वतःच्या आवाजात यायचा, कायम सर्दी झाल्यासारख्या.

मग ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढावी लागली. तरी ताईने युक्ती काढली. मी विचारायचं आणि तुम्ही फोनवर नखाने टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तेवढ्यावरही आपण अर्धा तास काढत होतो. माझं मागचं पत्र तुम्हाला पोचलं आणि टिचक्याही थांबल्या. रविवारी फोन केला की ताई म्हणते, बाहेर गेलेत. सात रविवार! पाटी गळ्यात अडकवून हिंडणारा माणूस सात रविवार जातो तरी कुठे? मी काही दूधखुळा नाही, दाजी. तुम्ही माझ्यावर रागावलात, आणि तुमच्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो.

म्हणून हात जोडून सांगतो, मागचं पत्र रद्द समजावे.

त्या पत्रात काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे, रोज सिग्नलला गाडी थांबली की आठवतं. नव्या मालिकेचा पहिला भाग पाहून मी लिहिलं होतं की एकोणीस वर्षांत असा धापोबा झाला नाही. ऑपरेशनच्या आधी तुम्ही सगळ्या भागांचं रेकॉर्डिंग उरकून ठेवलं असणार, असं मी धरून चाललो (विचारलं कुणाला नाही, हा माझा शहाणपणा). चढावर धापोबा चार श्वास घेतो, त्यातला तिसरा ऐकून आमची ही डोळे पुसत आत गेली. मीही रडलो. आणि रडत रडत लिहिलं की दाजी, जाता जाता आवाजाची सगळी पोती रिकामी करून गेलात, चूक म्हणाल तर एकही नाही. एकही चूक नसलेलं ते माझं पहिलं पत्र.

शेवटी नावं येतात ती मी कधीच वाचत नाही. तुमच्या घरी पाहायला बसलो की नावं यायच्या आत तुम्ही उठायचात, ती सवय मलाही लागली. पण व्हॅनमध्ये पहिलीतली एक आहे, नुकतीच वाचायला शिकली आहे, आणि सध्या दिसेल ते मोठ्यांदा वाचत सुटते (दुकानांच्या पाट्या, पुढच्या ट्रकची मागची बाजू, माझ्या औषधाची बाटली). वर्ग लवकर सुटून बाकीच्यांची वाट पाहणाऱ्या दोघाचौघांना मी फोनवर तोच भाग कौतुकाने दाखवत होतो. "माझ्या दाजींचा आवाज" हे माझं तोवर रस्त्यावरच्या वाहतूक हवालदारालाही सांगून झालं होतं. तर तिने शेवटची नावं वाचली. धापोबाचा आवाज, आणि पुढे भलताच कुणीतरी. मला म्हणाली, "काका, तुमच्या दाजींनी नाव बदललं का?" मी म्हटलं, छापताना चुकलं असेल. मग सगळ्यात शेवटी उतरणाऱ्या दंतवैद्यांच्या मुलाला त्याच्या घरी न सोडता मी गाडी सरळ पेट्रोल पंपावर नेली आणि पेट्रोल न भरता तिथे उभा राहिलो. मुलगा बिचारा घरी गेल्यावर आईला म्हणाला, व्हॅनकाका आज बंद पडले.

म्हणजे बघा, तुमचा आवाज गेला आणि मला कळलंच नाही. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, पण एकोणीस वर्षं ज्याने आपल्या कानांची मिजास केली, त्याने परक्या आवाजाला तुमचा म्हणून उराशी धरलं आणि वर ते तुम्हालाच कळवलं, कागदावर, जिथे माणूस खरं बोलतो. याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही. ताईच्या लग्नात तुमच्या बुटांवर सरबत सांडलं होतं, तेसुद्धा याच्यापुढे काहीच नाही.

आता भरपाई करतो. नव्या भागांतल्या चुका खाली देत आहे, पोचल्याचं कळवावं. पूर्वी खेळण्यातली का होईना, खरी गाडी असायची, खरे रूळ असायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर रंगवतात. धापोबाच्या तोंडावर काजळीचा ठिपका नाही, आत्ताच दाढी करून बसल्यासारखा दिसतो. दुसऱ्या भागात खाणीतून अकरा डबे घेऊन निघाला आणि गोदीवर तेरा घेऊन पोचला. मालगाडीला वाटेत डबे होतात का? चौथ्या भागात तो मागे न बघता तीन फर्लांग मागे येतो. मी व्हॅन अशी तीन फूट मागे घेतली तर पालक मला फाडून खातील. स्टेशनमास्तर आता कुणावर ओरडत नाही. तो सगळ्या इंजिनांना गोल करून बसवतो (रूळच गोल टाकलेत) आणि विचारतो, तुला आतून काय वाटतंय? इंजिनाला आतून काय वाटणार, कोळसा आहे का विचार! हो, कोळसाही बंद झाला. धापोबा आता विजेवर चालतो, पण धूर मात्र सोडतो. आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे चढ. पहिल्या भागात निदान चढ होता. पुढच्या भागांत धापोबा चढाशी आला की लहान इंजिनं मागून ढकलतात, एकीचं गाणं म्हणतात आणि गाणं संपेपर्यंत हा वर. आमच्या वेळी धापोबा चढावर थांबायचा. जमेल की नाही हे तुम्हालाही माहीत नसल्यासारखे श्वास घ्यायचात, आणि व्हॅनमधली पोरं आपापला श्वास धरून बसायची. म्हातारं माणूस दमतं आणि आपण थांबायचं असतं, हे पोरांना कुणी सांगावं लागत नव्हतं. आता त्यांना दम लागलेलं कुणी दिसतच नाही.

राहिला तो नवा आवाजवाला. त्याची धाप धाप नव्हे, नुसती हवा आहे. वाक्याच्या शेवटी तो जरा जास्तच म्हातारा होतो. हसतो तेव्हा डबे हसल्यासारखं वाटतं. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. परवा मी व्हॅन झाडाखाली उभी करून रीतसर मतदान घेतलं. जुनी सीडी लावली, मग नवा भाग लावला आणि पोरांना हात वर करायला सांगितलं. चौदापैकी बारा मतं तुम्हाला. या भानगडीत शाळेची घंटा होऊन गेली, मुख्याध्यापिकाबाई फाटकात उभ्या होत्या, आणि मी विद्यार्थ्यांचा वापर घरगुती कारणासाठी केला असं माझ्याकडून लिहून घेण्यात आलं. तो कागद शाळेच्या फायलीत आहे, पुरावा म्हणून पाहायला मिळेल.

एवढ्यावर तुमचा राग जात नसेल तर अजून चुका काढतो. नाही सापडल्या तरी काढतो. पण टिचकी मारा, दाजी. दोनच मारा हवं तर, नाही म्हणा, पण मारा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला. मी इतके दिवस तोंड पाडून आहे हे आमच्या हिने तिला कळवलं म्हणे, तेव्हा तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. नवा आवाजवाला म्हणजे तुमच्या स्टुडिओतला तो डबेवाला. अकरा वर्षं कोपऱ्यात उभा राहून मागच्या डब्यांचं "आलो, आलो" म्हणायचा, तोच. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तुम्हीच त्याला निवडलंत, तीन महिने घरी बोलावून शिकवलंत, आणि हल्ली रविवारी स्टुडिओत पाटी घेऊन त्याच्यासमोर बसता. पाटीवर लिहिता, पोटातून. लिहिता, घाई नको. ताईला बजावून ठेवलंत की मेहुण्याला सांगायचं नाही, त्याच्या कानाने ओळखलं नाही तर पोरगा पास. माझं पत्र आलं, तुम्ही वाचलंत, पाटीवर मोठ्या अक्षरात "पास" लिहिलंत आणि हसलात. मग दोन दिवस ती पाटी पुसू दिली नाहीत. ताई जेवायला वाढू का विचारायची आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात. मला कार्ड लिहायला तीनदा बसलात आणि तिन्हीदा कोरं ठेवून उठलात. दाजी, आता कुठलं पत्र रद्द समजायचं, मागचं की हे, ते मला कळेनासं झालंय. दोन्ही ठेवा.

ता. क. २. मतदानाचे आकडे दुरुस्त करतो. नव्याला नऊ, तुम्हाला तीन, एक झोपला होता आणि एकाने मालिकेतल्या वाकड्या क्रेनला मत दिलं, ती निवडणुकीला उभीच नव्हती. पोरगा चांगलं काम करतो. वर त्याच्याविषयी लिहिलेल्या तिन्ही चुका माझ्या कानातल्या. डब्यांची, दाढीची आणि चढाची तक्रार मात्र कायम आहे.

ता. क. ३. एक मागणं आहे. खरं तर ताईचा फोन आल्यापासून तीन दिवस हेच लिहायला बसलो होतो. तुमचा सगळा आवाज त्याच्याकडे आहेच, तर "काय मेहुणे, वाफ आहे का?" एवढं त्याला शिकवा. एखाद्या रविवारी फोनवर एकदा म्हणू दे. एकदाच. मी कुणाला सांगणार नाही.

ता. क. ४. नको. ते त्याला शिकवू नका. धापोबा सगळा देऊन टाका, त्याचा तिसरा श्वाससुद्धा, पण हे देऊ नका. तो इतकं हुबेहूब म्हणेल की मी पुन्हा फसेन, आणि मला फसायचं नाही. त्यापेक्षा असं करू. एक टिचकी हो, दोन टिचक्या नाही, आणि तीन टिचक्या म्हणजे तेच. स्टुडिओतून परत आलात की फोन लावा, काही लिहू नका, ताईला मध्ये घेऊ नका, तीन टिचक्या मारा. उत्तर आत्ताच देऊन ठेवतो.

आहे दाजी, थोडी आहे.