आमच्या गावात बीपी नाही

रविवार, ८ डिसेंबर २०२४. सकाळी सव्वासहा.
होमस्टेच्या स्वयंपाकघराबाहेर बाकावर बसून जेवणाचा कागद तिसऱ्यांदा स्वच्छ लिहीत होतो. आत आई खोबरं किसत होती. मालक दात घासत येरझाऱ्या घालत सांगत होते, मी लिहीत होतो. पुण्या-बेळगावचे पाहुणे मराठी वाचतात, म्हणून कन्नडऐवजी मराठी.

नाचणीची आंबील : हाडं मजबूत. रानातले कंद : पोट साफ, रक्त शुद्ध. लाल मुंग्यांची चटणी : सर्दी, कफ, ताप.

मालक म्हणाले, "शेवटी एक जोरदार ओळ पाहिजे. तुझी तूच लिही, तुला सुचतं." मी लिहिलं : "हे अन्न खाणाऱ्या आमच्या गावात बीपी नाही, शुगर नाही. गोळीची गरजच नाही."

मालक खूश. नववीत शाळा सुटली तरी अक्षर टिकलं म्हणाले.

आईला तीन वर्षांपासून बीपी आहे, रोज सकाळी एक गोळी. लिहिताना आठवलं होतं. ओळ चांगली दिसत होती, खोडली नाही.

रविवार, १५ डिसेंबर
कागद प्लास्टिकमध्ये घालून जेवणाच्या खोलीत टांगला. एक प्रत घरी आणली. आईला वाचता येत नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, वाच. वाचला.

"शेवटचं परत वाच."

परत वाचलं.

"आये, ते पाहुण्यांसाठी हाय."

"म्हंजे खोटं हाय?"

खोटं नाही म्हटलं, पण तसं अगदी... ती म्हणाली, "देवळाच्या पाटीसारखं अक्षर हाय तुझं. खोटं कसं आसंल?" थट्टा करत होती की काय, कळलं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर
बावीस पाहुणे. पाय मोडले.

पुण्याची एक बाई आली आहे. लोकांना काय खावं ते शिकवते, फोनवर तिला ऐकणारे पुष्कळ आहेत म्हणे. दुपारभर चुलीपाशी बसून आईचा व्हिडिओ काढला. कंद कसा सोलायचा, चटणी कशी वाटायची, सगळं विचारलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही गोळ्या-बिळ्या घेता का हो?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मालक दारातच उभे. मी पाण्याची कळशी उचलली.

आई म्हणाली, "न्हाई बाई. आमाला कशाला."

"बघा! आणि आम्ही विष गिळतो रोज. एकदा सुरू झाली की सुटत नाही गोळी. मावशी, तुमचे हात म्हणजे दवाखाना आहे." आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले.

आईचं तोंड तेव्हा बघायला पाहिजे होतं. लोकांच्या चुली फुंकण्यात तिचं वय गेलं. तिचे हात आजवर कुणी असे धरले नव्हते.

घरी आल्यावर विचारलं, "गोळी घेतलीस का सकाळची?" म्हणाली, "घेतली की." पाकीट बघितलं. आजचा खण रिकामा. बरोबर आहे.

सोमवार, ६ जानेवारी २०२५
आईचं डोकं चार दिवस दुखतंय. थंडीनं म्हणते. सुंठ उगाळून लावली. गोळीचं पाकीट रोज बघतो, रोज एक खण रिकामा. मग का दुखावं?

आज आशाताई, घरोघर फिरणाऱ्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, बीपी बघायला आल्या होत्या. त्यांना चढावर बघताच आई मागच्या दारानं लाकडं आणायला गेली. ताई अर्धा तास बसल्या. जाताना म्हणाल्या, "मला बघून पळायला मी काय फॉरेस्टवाली हाय व्हय? हिनं कुठं सागवान तोडलंय?"

मी हसलो. हसायला नको होतं.

सोमवार, १३ जानेवारी
दवाखान्याच्या पायरीवर लिहितोय.

सकाळी ७.१० ला होमस्टेत आई तव्यावर पीठ घालत होती. पळी पडली. उचलायला वाकली ती वाकलीच. उजवा हात लोंबता, तोंड डावीकडं ओढलेलं. मला हाक मारायला गेली, नावाऐवजी दुसरंच काहीतरी आलं.

मालकांनी स्वतः जीप काढली. पैशाचं नाव काढलं नाही. रस्ता संपेना. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो, ती डाव्या हातानं माझा शर्ट घट्ट धरून.

बीपी २१०/१२०. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित?

"रोज. मी स्वतः पाकीट तपासतो."

त्यांनी तसं लिहून घेतलं.

गुरुवार, १६ जानेवारी
आईची लुगडी न्यायला घरी आलो. ट्रंकेत तळाशी एक फडक्याची पुरचुंडी. सोडली तर गोळ्या. पांढऱ्या, लहान.

जमिनीवर दहा-दहाच्या रांगा लावून मोजल्या. अठरा. मग दिवस मोजले. २६ डिसेंबर ते १२ जानेवारी. अठरा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मी पाकीट बघतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून रोज एक गोळी काढायची आणि फडक्यात ठेवायची. फेकल्यासुद्धा नाहीत. सरकारनं फुकट दिलेली वस्तू फेकायची नाही, असं तिचं.

दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "बंद करायला कुणी सांगितलं?"

एका पाहुण्या बाईनं, म्हणालो. बाहेर आलो. परत आत गेलो, मीच सांगितलं असं म्हणायला. ते दुसऱ्या पेशंटकडं होते.

सोमवार, २७ जानेवारी
आईला घरी आणलं. उजवी बाजू हलत नाही. शब्द गेले, एक "व्हय" राहिलाय. भूक लागली का? व्हय. पोट भरलं का? व्हय. दुखतंय का? व्हय. डोळ्यांकडं बघून ओळखायचं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्यात. हातापायाचा व्यायाम रोज दोन वेळा, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मी लिहून भिंतीला लावलं. मग काढून टाकलं. भिंतीवर माझं अक्षर बघवत नाही.

संध्याकाळी मामा आला, आईचा मोठा भाऊ. खानापूरकडं कुणी आहे म्हणे, पारव्याचं रक्त चोळतो, महिन्यात माणूस चालतं. परवा गाडी सांगू का?

मी म्हटलं, "मामा, त्याला काय आधार न्हाई. रक्त चोळून हात कसा हलंल?"

"आणि तुझ्या कागदाला कसला आधार हुता रं?"

घरात पाच-सहा माणसं होती. आई कुशीवर पडून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "व्हय." कुणाला म्हणाली?

मामाला गाडी सांगू नको म्हटलं. तो चहा न घेता गेला.

रविवार, २ फेब्रुवारी
मालकांकडं गेलो. कागद काढा म्हटलं. लगेच काढला, माझ्या हातात दिला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "हा काढला. पण लोकांनी फोटो किती काढलेत, ते मी कुठनं काढू?"

खरं होतं. दुपारीच कागदाचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर आला. रामनगरच्या एका गटातून दुसऱ्या गटात, तिथून आमच्या नातेवाइकांच्या गटात. वर कुणीतरी घातलेलं : "जंगलातल्या माणसांचं गुपित, सर्वांना पाठवा." खाली माझं अक्षर. खाली सगळ्यांनी हात जोडलेले.

आणि त्याखाली मावशीचं. आईची धाकटी बहीण, रामनगरला असते, तिलाही बीपी. तिनं लिहिलंय की तिनं चार दिवसांपासून गोळी बंद केली, हलकं वाटतंय.

फोन लावला.

"मावशी, गोळी आत्ताच्या आत्ता घे. ते खोटं हाय."

"अरं, तूच लिवलंस न्हवं? अक्षर वळखलं मी. चार बायकांना सांगितलं, माझ्या भाच्याचं हाय म्हणून."

"मी लिवलं, पण खोटं लिवलं. आई त्यानंच पडली."

"अक्काला नजर लागली. कॅमेरा लावला हुता न्हवं तिच्या तोंडावर?"

"मालकांनी सांगितलं म्हणून लिवलं गं."

"मालक सांगतो तवा ते खरं, डॉक्टर सांगतो तवा हे खरं. तुझं सोताचं काय हाय रं?"

फोन ठेवला. शेवटची ओळ तर मालकांनी सांगितलीच नव्हती. तीच एक माझी स्वतःची.

गटात लिहिलं : "हे मी लिहिलं आहे. हे खोटं आहे. कुणीही गोळी बंद करू नका." दोघांनी हात जोडले. संध्याकाळी तोच फोटो पुन्हा आला, तिसऱ्याकडून.

बुधवार, ५ फेब्रुवारी
शेजारच्या काकूला आईपाशी बसवून सकाळच्या बसनं रामनगर. मावशीच्या दारात दुपारी दोनपर्यंत बसलो. चहा दिला, पोहे दिले. गोळीचं नाव काढलं की कोंबड्यांना हाकलायला उठायची. आईचा फोटो दाखवला, दवाखान्यातला, ओढलेल्या तोंडाचा. तिनं फोन हातात घेतला. पुष्कळ वेळ बघत बसली. डोळे पुसले.

"बघते," म्हणाली.

घेते म्हणाली नाही. बघते. त्या चार बायकांची घरं विचारली तर म्हणाली, "मी सांगते त्यांना, तू लोकांच्या दारात जाऊन सोताची शोभा करू नको."

बसमध्ये उभाच होतो. मावशी सांगेल? मावशी घेईल?

रविवार, ९ फेब्रुवारी
मावशीचा फोन लागत नाही. दोनदा लावला.

सकाळी आठ वाजता आईला टेकून बसवलं. हाताचा व्यायाम वीस वेळा. नाचणीची पातळ पेज दिली, त्याबरोबर गोळी. मी समोरच बसलो होतो. जिभेवर ठेवली, पेज पाजली, घोट उतरताना गळा हलला. माझ्या डोळ्यांनी बघितलं. वहीत खूण केली.

दहाच्या सुमाराला तोंड पुसायला गेलो. उजव्या गालात, मेलेल्या बाजूला, गोळी होती. अर्धी विरघळलेली, पेजेच्या कण्यांबरोबर.

डॉक्टर म्हणाले होते, त्या बाजूला घास अडकतो, तिला कळणार नाही. तेच असेल.

की तिनं ठेवली?

"आये, कळलं न्हाई तुला?"

"व्हय."

"का मुद्दाम ठेवलीस?"

"व्हय."

डाव्या हातानं तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी ताप बघायची तसा. डोळे माझ्याकडंच होते. दोन महिन्यांपूर्वी मी त्यातलं सगळं वाचलं असतं.

अर्धी गोळी बोटावर घेऊन बसलोय. ही परत द्यायची, की नवी द्यायची, की उद्यापर्यंत थांबायचं? फोनवर विचारलं तर हजार जण सांगतील. आशाताईंना फोन केला, त्या दुसऱ्या वाडीवर गेल्यात, तासाभरात येते म्हणाल्या.

वहीतली सकाळची खूण खोडली नाही. बाजूला दुसरी खूणही केली नाही.