हिरव्या बिल्ल्यांवरच्या फुल्या

१२ जानेवारी, सोमवार

पंधरा. एका वेळी पंधराच बसतात! आणि आहेत सहाशे. म्हणजे चाळीस खेपा — बन्सीधरच्या चष्म्याच्या दुकानात, त्याच्या चष्मे धुण्याच्या यंत्रात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

नाही म्हणायला हवं होतं. पण सासरे घरी राहायला आले की जावयाच्या तोंडातून तो शब्द हळूहळू नाहीसा होतो. राजेश्वरअप्पा पूर्णेचं घर बंद करून दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे मानवतला आले. सोबत एक वळकटी, पूजेची पेटी आणि लाकडी खोक्यात हे पोकरचे चिप्स. अप्पा त्यांना बिल्ले म्हणतात. पूर्णेच्या रेल्वे क्लबात कुणी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मागं ठेवून गेला होता म्हणे. पोकर तिथं कुणालाच येत नव्हतं, त्यावर चाळीस वर्षं रमी चालली. पैसे नाहीत, हरेल त्यानं चहा पाजायचा. पत्त्यांची खोली बंद झाली तेव्हा खोकं सेक्रेटरीकडे आलं. सेक्रेटरी अप्पाच.

आता त्यांना इथं मानवतला तसाच अड्डा जमवायचाय. महानंदाची, म्हणजे त्यांच्या लेकीची, एकच अट — "एवढ्या लोकांच्या हातांचा मळ माझ्या घरात नको. आधी धुवून आणा." आणा, म्हणजे मी.

१३ जानेवारी, मंगळवार

तीन खेपा. मग एक आजोबा जाड भिंगाचा चष्मा घेऊन आले आणि यंत्र सोडावं लागलं. नगरपालिकेच्या पाण्याची बातमी तशीच राहिली. गेल्या वर्षीचीच पाठवली तरी चालली असती, पाणी तसंच आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत संपली, आता जमेल. पद्धत अशी — कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, दोन मिनिटं. पाणी जास्त गरम झालं तर बिल्ले वाकतात (सात वाकले, अप्पांना सांगितलेलं नाही). यंत्र बारीक गुणगुणतं आणि बिल्ल्यांच्या कडांमधून तपकिरी धूर निघतो. खरंच धूर, पाण्यातला. चाळीस वर्षांच्या रमीचा.

बन्सीधर म्हणाला, खरा आवाज माणसाला ऐकूच येत नाही, पाण्याला तेवढा कळतो. पाठशाळेत गुरुजी तीन वर्षं अनाहत नाद समजावत होते. मला तो शेवटी चष्म्याच्या दुकानात भेटला. पायरीवरचं कुत्रं मात्र यंत्र सुरू झालं की उठून पलीकडे सलूनपुढे जाऊन बसतं. त्याचा अधिकार मोठा दिसतो.

एक काम वाढलं. हिरव्या बिल्ल्यांच्या मधोमध काळ्या शाईची बारीक फुली आहे, प्रत्येकावर. कुण्या रिकामटेकड्याचा उद्योग असणार. यंत्रानं जाईना. बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुसली, मग पुन्हा यंत्रात टाकले. दीडशे बिल्ले! एकही फुली राहू दिली नाही. मान अजून सरळ होत नाहीये.

१७ जानेवारी, शनिवार

चाळीस खेपा संपल्या. धुतलेले बिल्ले वाळले की पांढुरके दिसतात, भस्म लावल्यासारखे. तेलाचा हलका हात फिरवला की रंग परत येतो.

आज गच्चीवर विरेशला बसवलं या कामाला. पुसायचं आणि रंग बघून वीस-वीसच्या चवडी लावायच्या. चिरंजीव रेल्वेत जाणार! गार्ड. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. परीक्षा पास झाला दसऱ्याला, मेडिकल अठ्ठावीसला सिकंदराबादला आहे, तोवर घरी रिकामाच. चार चवडी बघितल्या, चारहींत लाल-हिरवे एकत्र. म्हटलं, लक्ष कुठंय, मोबाईलमधे? तो एक चवड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला, मग खाली ठेवली आणि "पप्पा, तुमीच लावा" म्हणून जिना उतरून गेला.

मीच लावल्या. तरुण माणसाला रंगीत चकत्या लावायला सांगणंही चूकच म्हणा. समाजाच्या कार्यालयात शाल-श्रीफळ घेऊन सत्कार झालेला माणूस तो. बातमी मीच दिली होती, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, तीन कॉलम, फोटोसकट — 'मानवतच्या सुपुत्राची रेल्वेत भरारी'. सव्वीस वर्षं लोकांच्या पोरांच्या भराऱ्या छापल्या. एकदा स्वतःच्या घरची छापली.

१८ जानेवारी, रविवार

अड्ड्याचं उद्घाटन. अप्पा, मोंढ्यातले भुजंगराव, रिटायर झालेले पंडित मास्तर आणि चौथा भिडू म्हणून मी. अंगणात सतरंजी, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. पांढरा बिल्ला एकाचा, लाल पाचाचा, हिरवा पंचवीसचा.

पहिल्याच डावात अप्पांनी पाचाच्या जागी हिरवा टाकला. भुजंगराव खूश — "अप्पा, निजामाचा खजिना गवसला का काय तुमाला?" सगळे हसले, अप्पाही हसले. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्यात पंचवीस द्यायचे होते तर लाल दिला आणि पंडित मास्तर म्हणाले, "सासऱ्यानं जावयाला गंडवलेलं पहिल्यांदा बघायलोय."

अप्पांनी एक बिल्ला उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग अंगठ्यानं त्याचा मधला भाग चोळत राहिले, जणू तिथं काही हाताला लागणार होतं. म्हणाले, "उजेड कमी हाय आज." आणि पत्ते खाली ठेवले.

उजेड!

१९ जानेवारी, सोमवार

पूजा झाल्यावर अप्पांनी मला खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "जावईबापू, माझ्या फुल्या कुठं गेल्या?"

सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग जे बोलले ते पन्नास वर्षांत कुणा पुरुषासमोर बोलले नसावेत. एकाहत्तर साली त्यांचीही निवड गार्ड म्हणून झाली होती. मेडिकलला डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला सांगितले. तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं. लाल आणि हिरवा त्यांना एकच दिसतो, मातकट. बुकिंग क्लार्क केलं. घरी सांगितलं, रात्रपाळी नको म्हणून मीच सोडली. "तिकिटावर आकडा असतो. त्याला रंगाचं काय काम? नोकरी चांगली झाली." खरं काय ते फक्त सासूबाईंना माहीत होतं. त्या सकाळी सदरा काढून ठेवायच्या आणि बाजारात टोमॅटो निवडायला नवऱ्याला कधी पाठवायच्या नाहीत. पत्त्यांच्या खोलीत कुणाला कळू नये म्हणून त्या फुल्या. दर पाच-सहा वर्षांनी नव्यानं काढायचे.

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमी साफ केलं हो. साफ करायलाच दिलते."

खोलीतून बाहेर आलो आणि शनिवारच्या चवडी आठवल्या. चारच्या चार.

२० जानेवारी, मंगळवार

काही लिहिवत नाही. मुलाकडे बघायचं टाळतोय. तो माझ्याकडे बघायचं टाळतोय हे आजच लक्षात आलं.

२१ जानेवारी, बुधवार

बन्सीधरकडे गेलो. एक मित्र, त्याचा मित्र, अशी वळणं घेत विचारलं. त्यानं शांतपणे भिंग पुसत सांगितलं, हे आजोबाकडून नातवाकडे येतं, मुलीच्या वाटेनं. मुलीला स्वतःला काही होत नाही. नातवाला होईलच असं नाही, पण होऊ शकतं.

म्हटलं, ते ठिपक्यांचं पुस्तक असेल तर दोन दिवस दे.

बन्सीधरनं भिंग खाली ठेवलं. "पत्रकारसाहेब, ते तुमच्याच घरी हाय. दिवाळीच्या आधी वहिनी घेऊन गेल्या."

तालुक्यात कुठल्या सोसायटीत कोण कुणाला पाडणार ते मला आठ दिवस आधी कळतं.

२२ जानेवारी, गुरुवार

महानंदा कणीक मळत होती. विचारलं. तिनं हात थांबवला नाही, वळूनही बघितलं नाही. म्हणाली, विरेशनं चार वर्षांचा असताना चित्रातल्या झाडाला तपकिरी पानं काढली, तेव्हाच कळलं. वडिलांचं तर ती लहानपणापासून बघत आलेली. तेव्हा वाटलं, पुढं काय अडतंय? आणि अडलं ते नेमकं इथं.

"मला का नाही सांगितलं?"

"कधी सांगणार? निकाल लागला त्या सकाळी तो तुमच्याकडंच आलता सांगायला. तुमी त्याला विचारायलात, फोटो कोणता देऊ म्हणून."

खरं आहे. निळ्या शर्टातला की कोटातला, असं विचारलं होतं मी.

पुस्तकाचं विचारलं. दोघं मिळून पाठ करतात, दुपारी, मी बातम्यांना बाहेर गेलो की. कोणत्या पानावर कोणता आकडा. मधेच पानं उलटसुलट करून ती त्याला विचारते. ठिपक्यांच्या एकूण नक्षीवरून तो पान ओळखतो. म्हणाली, चार वर्षं परभणीच्या खोलीत वरण-भातावर काढली त्यानं, अकरा परीक्षा दिल्या, ही एकच लागली. "तुमी श्लोक पाठ करून मोठे झालात, तेव्हा कुणी विचारलं का अर्थ दिसतो का म्हणून?"

 पोळी गरम होती, खाल्ली.

२४ जानेवारी, शनिवार

गच्चीवर विरेश एकटा होता. मी शेजारी जाऊन बसलो. तोच म्हणाला, "आई बोलली मला. तुमाला कळलंय म्हणून."

मी रागावलो नाही. रागावायला जेवढं बळ लागतं तेवढं उरलेलं नाही. विचारलं, पुस्तक किती झालं? म्हणाला, सगळं. विचारलं, कामावर गेल्यावर झेंड्याचं काय करशील?

"कोणत्या हातात कोणता ते ठरवून घेईन, पप्पा. काठीला खूण करीन."

"तुझ्या हातातला झाला. समोरच्याच्या हातात असला तर?"

तो खाली रस्त्याकडे बघत होता. एक टमटम गेली, मग दुसरी. म्हणाला, "सगळं गाव पेढे खाऊन बसलंय. आता न्हाई म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

गावाला पेढे मी दिले होते. तोंड माझं लागत होतं, त्याचं नव्हे. तसं सांगितलं. म्हटलं, मागे फिरलास तर गावाला मी सांगेन, पुढे गेलास तर मला काही म्हणता येणार नाही. पण त्या गाडीत मला बसवू नकोस. शेवटचं वाक्य नको होतं. निघून गेलं.

तो उठून गेला.

२५ जानेवारी, रविवार

अड्डा भरला नाही. अप्पांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. भुजंगराव दारातूनच गुडघ्याची चौकशी करून गेले. मी हिरवे बिल्ले आणि काळं पेन घेऊन बसलो. बावीस फुल्या काढल्या, मग अप्पा म्हणाले राहू द्या.

२६ जानेवारी, सोमवार

अकरा ठिकाणी ध्वजारोहण, अकरा बातम्या. विरेश माझ्यासोबत शाळेच्या मैदानावर होता. वर झेंडा गेला तसा तोही वर बघत राहिला. त्याला काय दिसलं ते विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी अप्पांनी विरेशला आपल्या खोलीत नेलं. पाव तास. काय बोलले कुणास ठाऊक. बाहेर आला तेव्हा कपाळावर विभूती होती आणि डोळे लाल — एवढा रंग मला कळतो.

महानंदानं धपाटे, शेंगाची चटणी, दही बांधून दिलं. पुस्तक पिशवीत घातलं. त्यानं काढून ठेवलं. तिनं पुन्हा घातलं. मग त्यानं राहू दिलं.

मी मानवत रोड स्टेशनला सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. एक मालगाडी न थांबता गेली, शेवटी गार्डचा डबा, दारात माणूस उभा, हातात गुंडाळलेला झेंडा. विरेश ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. तो हो म्हणाला. बाप-लेकांना याहून जास्त बोलता येत असेल तर मला माहीत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी एकला विरेशचा फोन. पुस्तक उघडलं गेलं, त्यानं सगळी पानं बरोबर वाचली, एक न चुकता. डॉक्टर म्हणाले, छान, पुढच्या खोलीत जा. तो खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "सर, हे पाठ केलंय. मला दिसत काहीच न्हाई."

मला म्हणाला, आईला तुमी सांगा.

महानंदा आत देवापुढं बसलीय. उठतो.