पेवातली ऊब

३ एप्रिल १९४९, हरिपूर

आलो एकदाचा! शिरवळहून सांगलीपर्यंत मोटारीने हाडं खिळखिळी केली. पण हरिपुरात उतरलो, समोर कृष्णा दिसली, नाकात हळदीचा वास शिरला आणि जीव हरखला. पलटणीच्या सिग्नल वर्कशॉपातून सुटल्यापासून घरी माश्या मारत होतो. अंजना बोलून दाखवत नव्हती, पण मला कळत होतं. आता हळदीचे व्यापारी रायगोंडा अण्णा यांनी बोलावून काम दिलंय. पेवांच्या आवाराला लागून खोली आहे, चूल आहे, विहीर जवळ. काम जमलं तर कायमचं, आणि मग अंजना नि आमची तान्ही हौसा इथेच राहतील. त्या पोरीला बाप दिसला पाहिजे ना.

इथली हळद जमिनीत ठेवतात. तोंड अरुंद, पोट घराएवढं, आतून शेणामातीने सारवलेलं, तेच पेव. तोंड माती लिंपून बंद केलं की वर्षानुवर्षं हळद टिकते म्हणे. आत हळद तापू लागली तर मात्र कळायला मार्ग नाही, आणि सारखं उघडावं तर कीड लागते. पेव न उघडता ताप कळला पाहिजे, एवढंच अण्णांचं मागणं आहे. माझ्याजवळ त्याचं औषध आहे.

६ एप्रिल

अण्णांनी प्रयोगाला कोपऱ्यातलं पेव दिलं. हे अर्धंच भरतात. का, ते कुणाला माहीत नाही.

औषध म्हणजे थर्मिस्टर. लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं तेव्हा मूठभर घेऊन ठेवले होते. जोंधळ्याच्या दाण्याएवढा काळा मणी, दोन तारा. साधी तार तापली की विजेला अडवते, हा मणी तापला की उलट वाट मोकळी करतो. बॅटरी, मणी आणि सुईचं मीटर एका माळेत जोडलं की मण्याला जेवढी ऊब तेवढी सुई उजवीकडे. पुढे रिले, म्हणजे विजेवर चालणारी कळ, लावलीय. फॅरनहाइटच्या नव्वद अंशांच्या वर गेलं की ती खट् करून घंटा वाजवणार.

मीटरवर खुणा कशा करायच्या, ते वर्कशॉपात शिकलो. मणी बर्फात धरला की बत्तीस, काखेत धरला की अठ्ठ्याण्णव. सोडावाल्याकडून बर्फ आणला, काख घरचीच. खुणा झाल्या आणि मणी काखेतून काढून तसाच पोकळ वेळूतून पेवात सोडला. वेळूभोवती माती लिंपणारी रंगूबाई एकदम ओरडली, “आवं मिस्त्री, आंगाची ऊब पेवाला दावू नगा!” का म्हणून विचारलं तर म्हणाली, तिची सासू सांगायची. सासूला कुणी सांगितलं, देव जाणे. मी हसलो.

८ एप्रिल

डोक्याला ताप! पेवात फार तर ऐंशी अंश असायला हवेत. सुई अठ्ठ्याण्णवावर जाऊन बसलीय. घंटा थांबेना. सगळं आवार कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघतंय. अण्णा नुसते चष्मा पुसत उभे राहिले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

१० एप्रिल

वीज जास्त झाली तर मणी स्वतःच तापतो, म्हणून वीज अडवणारा आणखी एक रोध घातला. नंतर वाटलं, सांध्यांत ओल शिरली असेल. सांधे लाखेने बंद केले. तारा बदलल्या, बॅटरी बदलली. सुई तिथेच! खाली हात घालून मुरगळावी वाटते मेली. अण्णांनी शेजाऱ्यांना पेव दाखवायला आणलं होतं. त्यांच्यासमोर घंटा वाजली, सगळे हसले आणि मी कुठे तोंड लपवू असं झालं.

१२ एप्रिल

मणीच नासका असणार. दुसरा घेतला, पुन्हा बर्फ, पुन्हा काख. बर्फाला बत्तीस बरोबर. काखेला नव्वद! पहिला मणी वर ओढून काखेत धरला, त्यालाही नव्वद. तिसऱ्यालाही. एकाच वेळी सगळे मणी कसे बिघडतील? चिडून पक्कड भिंतीवर आपटली. आता भिंतीला खड्डा, पकडीला चीर आणि मण्यांना काही नाही. पहिला मणी परत सोडला. जड पाण्यात सोडल्यासारखा हळू गेला.

१५ एप्रिल

आज चैत्राच्या उन्हात घोंगडी पांघरून बसलो. आवारातल्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. सांगलीला जाऊन डॉक्टर गाठला. त्याने काखेत थर्मामीटर लावलं, पारा चढेना. झटकून पुन्हा लावलं, तरी नाही. थर्मामीटर बिघडलंय म्हणाला आणि फी घेतली. मण्यांचं खरं होतं तर. मीच गार आहे.

परतलो तर दारात अंजना आणि हौसा! अण्णांनी परस्पर निरोप धाडला होता, मला आनंद व्हावा म्हणून. झालाही. पण अंजनाने हात धरला आणि झटकन सोडला. “लय गार पडलाय की वो,” म्हणाली आणि गूळ-सुंठ उकळायला बसली.

१६ एप्रिल

अण्णांनी उद्यापर्यंतची मुदत दिली. नाहीतर गाशा गुंडाळायचा. बायकोपोरीला कालच आणलं आणि उद्या परत न्यायचं?

माझ्या काखेवर भरवसा नाही. अंजना विहिरीवर गेली होती. हौसा पाळण्यात झोपलेली, गुबगुबीत, उबदार. नवा मणी तिच्या काखेत धरला. सुई सुर्रकन अठ्ठ्याण्णवावर! इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बरोबर आलं. उड्या माराव्याशा वाटल्या. धावत जाऊन तोच मणी पेवात सोडला.

१७ एप्रिल

सुई अठ्ठ्याण्णवाच्याही पुढे. हौसा सकाळपासून दूध ओढत नाही. अंजना म्हणते पोरीचे तळवे गार लागतात.

१७ एप्रिल, दुपार

मीच केलं. पेवाला तिची ऊब दाखवली. रंगूबाईने सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. तिला विचारलं, आता काय करू. तिलाही माहीत नाही, नुसती रडते.

बॅटरी काढली. तारा तोडल्या. काही उपयोग नाही. मणी वर ओढतोय तर येत नाही — पलीकडून कुणी धरल्यागत —

१८ एप्रिल

हौसा रडत नाही. ओठ निळे. डॉक्टर येऊन गेला — पुन्हा तेच, थर्मामीटर बिघडलंय — त्याच्या थर्मामीटरला आग लागो!

वेळू उपटला. पेवाचं तोंड फोडलं. आतून ऊब आली. माणसाच्या कुशीसारखी. आत शिळी हवा, माणूस लगेच उतरला तर मरतो. कंदील सोडून बघायचा, टिकला तरच उतरायचं. सोडला. विझला.

अंजनाला सगळं सांगितलं. म्हटलं, मी उतरणार, मणी हाताने सोडवून आणणार. नाही सुटला तर मी तिथेच राहीन. अर्धा गेलोच आहे त्यात. अख्खा माणूस मिळाला तर पोरीला सोडेल. ती हौसाला पोटाशी धरून बसून राहिली.

तारा पुन्हा जोडल्या. सुई बघायची, लिहायचं — हात दुसरं काही करतच नाहीत —

कंदील पुन्हा विझला. दोर आणायला कोठीत जातो.

परत आलो

रंगूबाई पळत आली. कडेवर हौसा — टाहो फोडतेय — गाल लाल — हात लावला, गरम! गरम आहे पोर माझी!

पण मी तर अजून उतरलो नाही.

रंगूबाईला विचारलं अंजना कुठाय. म्हणाली, “पोर माज्या हातात दिली आन् पेवाकडं गेली.” दोर तर माझ्याच हातात — तारा ताणल्यात — हाका मारतोय — ओ नाही — सुई पार टोकाला —

घोंगडी नको वाटतेय. ऊन भाजतंय. मला घाम येतोय — अंजना, मला घाम —