हवा कमी कर

३ मार्च
ती. दादास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. बोट मात्र शेडमध्ये अडकून पडलीय. लोकांना मासे धरायला न्यायचं तर रोज ती ट्रेलरवर घालून वाळूवरून पाण्यापर्यंत ओढावी लागते, आणि शेजाऱ्याने ट्रॅक्टर द्यायचं बंद केलंय. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक लाल, उंच, चकाचक. दुसरी जुनी डिझेल पिकअप. आमच्या हिचा जीव लाल गाडीवर. तुझ्या गॅरेजात मी सात वर्षं नुसता रंग मारला, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तू सांगशील तीच घेईन.

मी निघालो तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेलीय, असं तू चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालास. जाऊ दे. पण हा हंगाम हुकला तर बोट हातची जाईल. राग उतरला असेल तेवढा तरी लोभ असावा.
तुझा धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लाल गाडीचा नाद सोड. बाहेरून जीप, आतून साधी मोटार. बोट मागे लावलीस तर महिन्याभरात क्लच जाळून बसशील. पिकअप घे. चारही चाकं ओढतात ना आणि लो गिअर बसतो ना, ते बघ. गाडीखाली झोपून सांगाडा हातोडीने ठोक, गंज लागला असेल तर आवाजावरून कळेल. वरच्या रंगाला भुलू नकोस, तुझी ती जुनी खोड.

बाकी, वाळूत उतरण्याआधी हवा कमी कर. निम्म्यावर आण.

वहिनी तुमची आठवण काढते. सौ.ला आशीर्वाद. पत्र लिहायला विसरू नये.
तुझा दादा

२ एप्रिल
ती. दादास,
नमस्कार.

पिकअप घेतली. खाली झोपून, ठोकून, तू म्हणालास तश्शी. तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. हवेच्या ओळीशी माझं तोंड उतरलं. ही म्हणाली, सल्ला देतानाही भाऊजींना टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. मी पत्र फाडून टाकलं.

रविवारी बोट लावून वाळूत उतरलो. वीस पावलं गेलो नि चारही चाकं रुतली. जितकी रेस दिली तितकी गाडी खाली गेली. मग भरती आली. बोट ट्रेलरवरून उचलली गेली आणि पिकअपच्याच मागच्या कोपऱ्यावर तासभर आपटत राहिली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बघत होतो. आता नुसत्या फळ्या उरल्यात.

जाळी शिवणारे एक म्हातारे म्हणाले, टायरमधली हवा का नाही काढलीस? निम्मी केली की टायर पसरतं, रुतत नाही. दादा, तू टायरचंच लिहिलं होतंस ना? मला ते माझ्या डोक्याचं वाटलं. एवढंच कळव.
धाकटा

९ एप्रिल
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. टायरचंच लिहिलं होतं. पण तुला खोटं सांगवत नाही. आधी मी 'टायरमधली हवा' असंच लिहिलं होतं. मग तू निघून गेलास तो दिवस आठवला, गंमत सुचली, आणि 'टायरमधली' खोडलं. खाडाखोड दिसू नये म्हणून सगळं पत्र नव्या कागदावर उतरवलं. तुला झोंबावं असं वाटत होतं. वाळूचं तुला काही माहीत नसेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी वहिनीला सांगितलं. आलं होतं की नाही, ते माझं मलाच कळत नाही.

परत ये. इथे तुझं काम आहे. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.
दादा

१६ एप्रिल
दादा,

तुझ्यावर संशय घेतला म्हणून माफी मागणारं चार पानी पत्र मी लिहून ठेवलं होतं. 'टायरचंच' एवढा एक शब्द तुझ्याकडून आला की पेटीत टाकणार होतो. हिने पाकिटावर तुझा पत्ताही घातला होता.

ते आता टाकत नाही.